शाळेत न गेलेल्या फळ्या

तुम्ही तिकडे परदेशात न्याहारी करता करता व्हिडिओ कॉल लावता आणि मी मधेच उठून खिडकीशी जाते, याचा तुम्हाला राग येतो. "आजी, बस ना एका जागी," असं परवा धाकटीनं सुनावलंच. तर का उठते, ते नीट क्रमानं लिहिते.

त्या वेळी इथं दुपार असते आणि आमच्या इमारतीशेजारच्या कन्नड शाळेत जेवणाची घंटा होते. तिथं तिसरीत एक मुलगी आहे. तिच्या पायांत बळ नाही. सकाळी तिचे वडील तिला उचलून व्हरांड्याच्या पायऱ्या चढवतात, वर्गात बसवतात आणि कामावर जातात. संडास अंगणाच्या पलीकडे आहे. म्हणून ती संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. घंटा झाली की मला हे आठवतं आणि बसवत नाही.

पूर्वी असं नव्हतं. आमचं मतदान याच शाळेत व्हायचं. निवडणूक आली की सरकारी माणसं येऊन दिवे लावत, संडासाचं दार बसवत आणि म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांवर फळ्यांचा उतार करत. मागच्या वेळी हेडबाईंनी गोड बोलून तो उतार ठेवून घेतला होता. मैत्रिणी त्यावरून मुलीची चाकांची खुर्ची ढकलत खाली न्यायच्या. गेल्या पावसाळ्यात फळ्या कुजल्या. तरी हेडबाई निश्चिंत होत्या, कारण निवडणूक जवळ आली होती.

इकडे आमच्या सोसायटीनं अर्ज केला की मतदान आमच्या क्लबहाउसमध्येच घ्या, म्हणजे लोक मत द्यायला उतरतील. अर्जाचं इंग्रजी मीच तपासलं. मंजुरी आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, माझ्या गुडघ्यांना तर फारच.

मग एका संध्याकाळी हेडबाई आल्या. त्या निपाणीकडच्या, माझ्याशी मराठीच बोलतात. चहा हातात तसाच धरून म्हणाल्या, "अक्का, मतदान तुमच्याकडं गेलं. आता आमच्याकडं कोण येतंय? पोरगीला पाचवीपर्यंत असंच ठेवू काय मी? तिचा बाप म्हणतोय, बास झालं, घरात बसू दे."

मी सोसायटीच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, मतदान परत शाळेत जाऊ द्या. वरच्या मजल्यावरचा पुण्याचा मुलगा, आयटीतला, हसत म्हणाला, "आजी, आता कुठं एसी बूथ मिळालाय, आणि तुम्ही आम्हाला परत डासांत पाठवताय?" सगळे हसले. मुलगा वाईट नाही. लगेच म्हणाला, "रॅम्पच हवाय ना? कंपनीच्या सीएसआरच्या, समाजकार्याच्या पैशांतून करून टाकू. मी बोलतो."

तो बोललाही. पण सरकारी जागेत बांधायला परवानगी लागते. ती आणायला मी आणि हेडबाई रिक्षानं पालिकेच्या कचेरीत गेलो. इंजिनियर सभ्य होता. म्हणाला, "नगरसेवक असता तर त्याच्या निधीतून कधीच झालं असतं, अम्मा. आता फाइल वर जाणार. स्वल्प वेळ लागेल."

"नगरसेवक कधी येणार?"

"पालिकेची निवडणूक होईल तेव्हा." मग कागद सारखे करत म्हणाला, "तुमच्या भागातून हे कुणी विचारतच नाही. तुम्हीच पहिल्या."

पालिकेत आमचा प्रतिनिधी नाही याला वर्षं लोटली आहेत. पाण्याचा टँकर उशिरा आला तर आमच्या ग्रुपवर शंभर मेसेज येतात. याबद्दल एकही आलेला मला आठवत नाही.

आमचं मतदान शुक्रवारी होतं, लोकसभेचं, पालिकेचं नव्हे. जोडून सुट्ट्या. मी सकाळी खाली उतरले तर पार्किंग अर्धं रिकामं. क्लबहाउसमध्ये एसीची थंडी होती आणि अधिकारी जांभया देत होते. आमच्या दारात ग्रॅनाइटचा उतार आधीपासून आहे. तरी नियमाप्रमाणे उताराच्या फळ्या आल्या होत्या, नव्याकोऱ्या, आणि पोहण्याच्या तलावाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी मत दिलं आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "या शेजारच्या शाळेत ठेवून जाल का?"

"मोजून आणल्यात अम्मा, मोजून परत द्यायच्या."

मी तिथूनच वरच्या मुलाला फोन लावला. त्याचं इंग्रजी फर्डं, ओळखी पुष्कळ, त्याचं ऐकतील असं वाटलं. तो कूर्गला होता.

"आजी, रेंज नाहीये. सोमवारी बघू ना."

"आणि मत?"

"ते राहिलं हो. माझ्या एकट्याच्या मतानं काय होणारे?"

संध्याकाळी लॉरी आली. फळ्या चढल्या. फाटकातून वळून ती शाळेच्या भिंतीला लागून गेली. मी गॅलरीत उभी होते, आत आले, पुन्हा गेले.

सोमवारी घंटा झाल्यावर मी शाळेत गेले. बाकी मुलं अंगणात होती. ती वर्गाच्या दाराशी बसून डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात होती. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"अज्जी, तुमच्याकडे फळ्या आल्या होत्या ना? बाबांनी बघितल्या."

"आल्या होत्या."

"मग परत मतदान कधी?"

पालिकेच्या निवडणुकीची तारीख कुणालाच माहीत नाही. मी "लवकर" म्हणाले. तिनं मान डोलावली, आणि बाटली उचलून पुन्हा दप्तरात ठेवली.