मोरचुदाचं पाणी

पप्पांनी पोहायची टाकी आणली तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना ती नाव वाटली. फायबरची, निळी, अख्खी तयार टाकी ट्रेलरवरून आली आणि क्रेनने घरामागच्या खड्ड्यात उतरवली. "नाना, तापीत सोडता का?" कोणीतरी विचारलं. पप्पा हसले. मम्मीचे दोन्ही गुडघे झिजले होते. ऑपरेशनला ती तयार नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कंबरभर पाण्यात रोज चाला. पोहता आमच्या घरात कोणालाच येत नाही. टाकी फक्त तिच्या चालण्यासाठी होती.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. मम्मी जुना पंजाबी ड्रेस घालून, एका हाताने कठडा धरून सकाळी अर्धा तास चालायची. फोनवर सांगायची, "पाण्यात मी लग्नाआधीसारखी चालते."

उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळ आलं. पप्पांनी शेततळ्याला करतात तेच केलं. मोरचूद फडक्यात बांधून टाकीभर फिरवलं. बुरशीच्या फवारणीसाठी ती निळी खडी घरात असायचीच. पाणी आरशासारखं झालं. मग दर पंधरा दिवसांनी मोरचूद.

काही महिन्यांत मम्मीचे पांढरे केस हिरवट दिसायला लागले. भुसावळला एका लग्नात पप्पांची चुलतबहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, मेंदी संपली म्हणून पालक लावला का केसांले?" मम्मीही हसली, असं पप्पा सांगतात. घरी आल्यावर तिने मला फोन केला.

"पाण्यात काय बिघडलं ते बघ ना तुझ्या इंटरनेटवर. सगळं इंग्रजीत आहे, आम्हाले कळत नाही."

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. शेजारी चारजण बसले होते. केस हिरवे झाले, हे त्यांच्यासमोर मोठ्याने कसं बोलायचं, एवढंच माझ्या मनात आलं. "मीटिंगमध्ये आहे," म्हणाले. नंतर मी फोन केला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. ती पाण्यात जायची थांबली. मग पप्पांनीही मोरचूद सोडलं, पाणी सडू नये म्हणून नुसतं क्लोरीन टाकत राहिले.

त्या हिवाळ्यात ती गेली. हृदयाचा झटका. डॉक्टर म्हणाले, चालणं थांबल्याशी याचा संबंध जोडू नका. मी तो जोडत नाही, असं सगळ्यांना सांगते.

यंदा शेजारच्या अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांनाही पाण्यात चालायला सांगितलं. पप्पांचा फोन आला, "टाकी नीट करून दे." त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी सगळं वाचून काढलं आणि पाणी तपासायचा संच घेऊन, रजा टाकून गेले.

पाणी नितळ होतं, पण तळ हिरवट-काळा पडला होता. पप्पा तारेचा ब्रश घेऊन तयार. "रिकामी करू, घासू." दोन्ही नको, मी म्हणाले. ब्रशने फायबरवर ओरखडे पडतात, आणि ओल्या काळ्या मातीतलं पाणी रिकामी टाकी खालून वर उचलू शकतं. संचातल्या नळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले तर ते जांभळं झालं. पीएच फारच चढला होता.

"मोरचूद काय जहर आहे का? केळीले चालतं," पप्पा म्हणाले.

"त्यात तांबं असतं, पप्पा. आपलं बोअरचं पाणी जड. तांबं त्यात विरघळून राहत नाही, टाकीवर बसतं. केसांवरही."

शेवटचा शब्द माझ्या तोंडून निघून गेला. पप्पांनी ब्रश हळूच भिंतीला टेकवून ठेवला.

मग मला ते दिसलं. कठड्याच्या बाजूने, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन पावलांच्या रुंदीचा पट्टा निळाच राहिला होता. तिथे डाग बसायला तिने वेळच दिला नव्हता.

"तिची वाट आहे ती," पप्पा म्हणाले. त्यांना आधीपासून माहीत होतं. मग म्हणाले, "अक्काले चांगलं पाणी पाहिजे. काढ."

एका डागावर मी व्हिटॅमिन सीची गोळी घासून पाहिली. गोळीखालचा डाग फिका झाला. तीन दिवस क्लोरीन बंद ठेवलं, मग जळगावहून आणलेली व्हिटॅमिन सीचीच पावडर काठाकाठाने सोडली. तासाभरात डाग विरायला लागले. आधी पट्ट्याच्या कडा पुसट झाल्या. दुपारपर्यंत सगळा तळ एकसारखा निळा होता. वाट कुठून गेली होती ते मलाही दाखवता आलं नसतं.

पप्पा काठावर बसून होते. "मी ते टाकलं नसतं तर चालत राहिली असती," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "तिने मला विचारलं होतं, पप्पा. लग्नाहून आल्यावर. मी तेव्हा मीटिंगमध्ये नव्हते."

त्यांनी पाण्यावरचं एक पान बोटाने जवळ ओढलं.

"मी बाजूलेच बसलो होतो," ते म्हणाले. "फोन ठेवून हसली. म्हणे, पोरगी मीटिंगमध्ये असते आता. अक्काले पण सांगून आली होती."

मला रडू आलं नाही. मी जाळीने पाण्यातली पानं काढत राहिले.

क्लोरीन घाईने टाकलं तर डाग परत बसतो, म्हणून आठवडाभर थांबायचं होतं. मी रजा वाढवली. त्या पावडरीने पीएच फार उतरला होता, तो थोडा थोडा सोडा घालून जागेवर आणला. सकाळी मी नळीत थेंब टाकायचे, पप्पा नळी उन्हात धरून रंग सांगायचे. अक्का आल्या तेव्हा पप्पांनीच पायरीशी वाकून दाखवलं, कठडा कुठे धरायचा ते.