ब्रश वर निघाला का?

धुराडी साफ करणाऱ्या त्या माणसाला लोक पाठीमागे ‘नाकमुरडे’ म्हणत. तीस वर्षं लोकांच्या भिंतीतल्या शेगड्यांत डोकं घालून त्याला माणूसजातीचीच शिसारी आली होती. बाहेर गालिचे न् पडदे, आणि शेगडीत बघावं तर अर्धवट जळलेले डायपर, हाडकं, प्लास्टिकच्या पिशव्या! पण त्याहून किळस यायची ती धंद्यातल्या पाट्या टाकणाऱ्यांची. दोनदा ब्रश आपटायचा, चहा ढोसायचा, काम झाल्याच्या कागदावर सही ठोकायची की झालं.

त्या दिवशीचं घर एका निवृत्त पोस्टमनचं होतं. शेगडीशेजारच्या खुर्चीत तो कपाळ दाबत बसला होता.

“डोकं दुखतं, सारखी झोप येते. परवा तर माझं नावच आठवेना यांना,” बायको म्हणाली. “उन्हाळ्यात बरे होते. थंडी पडली, शेगडी पेटली की पुन्हा तेच. वय झालं, दुसरं काय!”

नाकमुरडेच्या कपाळाला आठी पडली. “शेगडी विझवलीत कधी?”

“काल सकाळी. फोनवर सांगितलंत ना तुम्ही.”

त्याने पोस्टमनला हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं, खिडक्या सताड उघडल्या, मास्क चढवला. शेगडीच्या तोंडावर चादर चिकटपट्टीने पक्की केली, चादरीच्या भोकातून ब्रश आत सारला आणि एकेक काठी जोडत वर ढकलू लागला. काठी फिरवायची ती उजवीकडेच. उलटी फिरवली तर आटे सुटून ब्रश वरच अडकतो.

“बाई, अंगणात उभ्या राहा. ब्रश वर निघाला की हाक मारा.”

सहाव्या काठीला ब्रश कशात तरी रुतला.

“दिसला का?”

“नाही हो!”

त्याने जोर लावला. धप्पकन काहीतरी खाली आलं. चादर सोडवून पाहिलं तर काटक्यांचं भलंमोठं घरटं, विष्ठेने लिंपलेलं, आणि त्यात दोन मेलेले पक्षी. एक वाळून काडी झालेला, दुसऱ्यात अळ्या वळवळत होत्या. त्याने नाकावरचा मास्क घट्ट दाबला. घरट्याचा खालचा थर काजळीने दगड झाला होता. दोन-तीन वर्षांचा तरी असणार.

“गेल्या वर्षी कोणत्या गाढवाने साफ केलं होतं हे?” तो अंगणात येऊन ओरडला. “माणूस मेला असता या घरात!”

बाई ओशाळल्या. “तुम्हीच की हो. किती झटपट केलंत, कुठे डाग नाही! शेजारणीलाही तुमचाच नंबर दिला मी.”

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि आठवलं. पाठ धरली होती, पुढे आणखी दोन घरं होती. चारच काठ्या घातल्या होत्या. अंगणात कुणाला उभंही केलं नव्हतं. घरट्याची घाण परवडली, इतकी त्याला स्वतःची किळस आली.

त्याने आत जाऊन काम पुरं केलं. बाहेरून “निघाला, निघाला!” अशी हाक आली, तरी त्याला काही बरं वाटलं नाही. मग तो पोस्टमनसमोर जाऊन उभा राहिला.

“काका, हे तुमचं वय नव्हे. शेगडीला चिकटून बसता ना, कोंडलेल्या धुरातला न दिसणारा विषारी वायू भिनत होता अंगात. गेल्या वर्षी मी धुराडं साफ केलंच नाही, नुसती सही केली. आजच्या आज डॉक्टरांकडे जा.”

पोस्टमनचा चेहरा हळूहळू फुलला.

“म्हणजे मी म्हातारा झालो नाही?” तो बायकोकडे वळला. “ऐकलंस का गं? उगाच सायकल देऊन टाकली मी!”

आणि त्याने नाकमुरडेचा काळाकुट्ट हात दोन्ही हातांत धरून आभार मानायला सुरुवात केली. नाकमुरडे हात सोडवून घेऊ पाहत होता, पण पोस्टमन काही सोडेना.