आत्याचं काशीचं तिकीट

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी तिसगावला गेले होते... कौसल्याआत्याच्या ओसरीवर काशीच्या ट्रिपचं ठरवायला तिच्या भजनी मंडळातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. गाडी कुठली, धर्मशाळा कुठली, हे मोबाईलवर बघायचं काम माझ्याकडे. मी स्वतः मात्र जाणार नव्हते. लेक बाळंतपणाला माझ्याकडे भिंगारला आलीय, तिला सोडून कुठे जाणार...

काशीचा विषय मुळात आत्याचाच. लहानपणी मी तिच्याजवळच वाढले, तेव्हापासून ऐकतेय. सोमवारचं भजन संपलं की मंडळातल्या बायांना म्हणायची, एकदा सगळ्या मिळून गंगा बघून येऊ गं. कधी कुणाची सून अडलेली, कधी कुणाचं शेत... राहूनच जायचं.

यंदा मात्र जमत होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, तोवर कपाशीची वेचणी उरकलेली असते, असं सगळ्यांच्या सोयीनं ठरत आलं होतं.

फक्त आत्याच आता पूर्वीची राहिली नव्हती. तिला कंपवात झालाय. हात सारखा थरथरतो, चालताना पाय अडखळतो, बाथरूमला जातानाही कुणीतरी धरावं लागतं.

मी एकेकीचं नाव आणि वय मोबाईलमध्ये घेत होते. आत्याजवळ आले तर ती शांतपणे म्हणाली, "माझं नको घेऊ सुनंदे. तुमी समद्या जाऊन या. मला गंगेचं पानी तेवढं आना."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या... बाया वाईट नाहीत हो. पण सगळ्याच साठीच्या पुढच्या, प्रत्येकीचे गुडघे दुखतात. शेवटी मंडळाच्या प्रमुख हिराकाकूंनी विचारलं, रेल्वेत, घाटाच्या पायऱ्यांवर हिला बघायचं कुणी? कुठे पडली तर? मला त्यांचा राग आला... आणि त्या खरं बोलतायत हेही कळत होतं. मी खाली मान घालून मोबाईलकडे बघत बसले.

तेवढ्यात मार्थामावशी आल्या. आत्याच्या शेजारीण. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. रविवार होता म्हणून चर्चमधून येत होत्या, पांढरी साडी, खांद्याला बायबलची पिशवी. सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघून त्यांनी काय झालं विचारलं, आणि मी सांगितलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, आत्याच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझं पन तिकीट काढ. हिच्या समोरचं बघ, खालचं."

आत्या नको नको म्हणायला लागली. तुला कशाला त्रास, तुझा काय संबंध काशीशी... मावशींनी तिचा थरथरणारा हात आपल्या हातात घेतला. "तुझ्या दोन्ही बाळंतपनांत मीच हुते ना जवळ? मग आता तिथं दुसरं कोन धरनार तुला?"

हिराकाकू जरा चाचरत बोलल्या. "पन मावशी, ते देवाधर्माचं हाय. तुमाला चालंल का?"

"दर्शनाला तुमी न्या हिला, मी बाहेर बसंन. गाडीत, घाटावर, बाथरूमला मी हाय."

झालं. पुढच्या अर्ध्या तासात मावशींनी आमचा सगळा प्लॅन बदलला. धर्मशाळेत खालच्याच मजल्यावरची खोली, कमोड आहे का ते फोन करून विचारायचं, पहाटेच्या थंडीत आंघोळीचा हट्ट नाही, ऊन आल्यावर गंगेचं पाणी अंगावर घ्यायचं. बाकीच्या बायाही मान डोलवत होत्या. खरं तर त्यांच्याही गुडघ्यांची सोय होत होती...

आत्या पदरानं डोळे पुसायला गेली, तर हात थरथरून पदर निसटत होता. मावशींनीच पुसले.

मी आनंदात भिंगारला परतले. तिकिटांचं बुकिंग सुरू व्हायचीच वाट बघत होते... आणि चार दिवसांनी सकाळी हिराकाकूंचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, आता यांचं काहीतरी वेगळंच निघणार.

"सुनंदा, ती तारीख धरू नको. त्याच आठवड्यात नाताळ हाय. मावशी बोलल्या न्हाईत, पन त्यांची लेकरं-नातवंडं वर्षातनं त्याच दिवसाला घरी येत्यात."

एवढं कॅलेंडर बघून तारीख काढली, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं... आणि मावशींनी तर एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, मग संक्रांतीनंतर बघावं लागेल, आणि तेव्हा तर तुमची कांद्याची लागण असते.

"आसंना. पोरगा आन सून बघत्याल. मावशी आमच्यासाठी येत्यात, मग आमी येवडं थांबायला नको का?"

बाकीच्या बायांना काकूंनी स्वतः घरोघरी जाऊन तयार केलं. एकीनंही कुरकुर केली नाही म्हणे.

काल संक्रांतीनंतरची तिकिटं निघाली. सगळी कन्फर्म. आत्या आणि मावशी समोरासमोर, दोघींनाही खालचे बर्थ. आत्याला फोन केला तर म्हणाली, रोज संध्याकाळी मावशी हाताला धरून मारुतीच्या देवळापर्यंत चालवत नेतेय, घाटासाठी सवय व्हायला हवी म्हणून. कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात पुढचं काही करायची घाई ऐकली...

मी बरोबर नाही, तरी मला आत्याची काळजी वाटत नाहीये. मार्थामावशी, हिराकाकू, तुम्ही दोघी फेसबुकवर नाही, म्हणून इथे तुमचे मनापासून आभार मानतेय. समोर मानले असते तर तुम्ही मला गप करून चहा ठेवायला पाठवलं असतं...