ह्यांनी बांधलेली तार

रंगारी रॉकेलमध्ये ब्रश धूत होता. त्या वासाने मी थेट घाटकोपरच्या गॅरेजात पोचले. आमच्या जुन्या पिकअपचं इंजिन खोलून नव्याने बांधायचं होतं. नट-बोल्ट रॉकेलच्या डब्यात पडलेले. इंजिन वर उचलायला मेकॅनिकने कप्पीची साखळी ओढली, तर इंजिनाबरोबर गाडीचं नाकच वर यायला लागलं.

तो खाली वाकला. "भाऊ, ही तार कोणी मारली?"

ह्यांनी जीभ चावली. इंजिन खडखडतं म्हणून स्वतःच कधीतरी जाड तारेचे वेढे मारलेले, आणि साफ विसरलेले. तार कापली, तेव्हा कुठे इंजिन सुटलं. मी हसून हसून बेजार.

आता हे नाहीत. रंगारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. "काकी, कडीला कोणी तार मारलीय. कापू ना?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "तेवढं सोडून रंगव."