कोणत्या झाडाखाली

इंग्लंडला जाऊन आलेल्या बाईला तेव्हा नाशकात सगळे एकच विचारायचे, राणीचा राजवाडा पाहिला का? मी पाहिला नव्हता. मी एक जंगल पाहिलं होतं, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवलं आणि नवी नवरी म्हणून मीही मागोमाग गेले. समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार आहे, कारण या गोष्टीत मला त्याचा फार राग आलेला आहे आणि रागात अहोजाहो जमत नाही.

गाव लहान होतं. एक मोठा रस्ता, एक चर्च, टोकाला कारखाना. एका विधवा बाईच्या घरात वरची खोली आम्हाला मिळाली. खिडकीतून दोन शेतं दिसत आणि त्यांच्या पलीकडे जंगल. ओक आणि बीच अशी मोठाली झाडं होती, खाली बुटकी झुडपं. आम्ही पोचलो तेव्हा पानगळ सुरू होती. आपल्याकडे साग-पळस पानं टाकतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंग भाजायला लागल्यावर. थंडीत झाडं उघडी पडतात हे मला ठाऊकच नव्हतं. मी घरमालकिणीला विचारलं, झाडांना काही रोग पडलाय का? ती इतकी हसली की तिचा चहा बशीत सांडला.

दिवस गेलेत हे तिथेच कळलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, रोज चालत जा. चालायला दुसरं होतं काय? दुपारी नवरा कारखान्यात, मालकीण रेडिओपाशी, आणि मी शेतांमधल्या पायवाटेने जंगलात. आमच्या नाशकात पेठच्या रस्त्याला सागाचं पान पडलं तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो. इथलं पान खाली आलेलं कळायचंही नाही. त्या शांततेचा सुरुवातीला मला राग यायचा. मग मी बोलायला लागले. पोटातल्या बाळाशी, चांगल्या खणखणीत मराठीत. आज बटाट्याचीच भाजी केलीय, तुझ्या बापाला चव कळत नाही म्हणून बरं. तुला गंगापूर रोडवरच्या घरी नेईन, तिथे तुझी आजी शिस्तीची आहे, सांभाळून राहा. सायखेड्याला माझ्या आईकडे मात्र काय वाटेल ते कर, नदीत डुंब, कुणी काही म्हणणार नाही. दिवसभरात मराठी बोलायला मला एवढं एकच माणूस होतं.

मे महिन्यात सगळ्या फांद्या हिरव्या झाल्या. झाडांखाली निळ्या फुलांनी जमीन झाकून गेली. त्याच महिन्यात, आठवा संपायच्या आत, माझं पोट एकाएकी गप्प झालं.

मुलगी होती, एवढं सांगितलं. दाखवली नाही. त्या काळी तिकडे दाखवत नसत, आईला त्रास होतो म्हणे. मला इंजेक्शन दिलं आणि मी झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा आला आणि खाटेशी उभा राहिला. मी विचारलं, ‘‘कुठे ठेवली?’’

तो म्हणाला, ‘‘जंगलात. तुझ्या त्या जंगलात. ओकच्या झाडाखाली.’’

मी विश्वास ठेवला. इंग्लंडसारख्या देशात कुणी कुणाला असं जंगलात पुरू देतं का, असा साधा प्रश्न मला पडला नाही. आमच्याकडे तान्ह्या जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि ठेवतात ते एखाद्या झाडाच्या आसपासच. मला ते इतकं बरोबर वाटलं की रडतारडता थोडं बरंही वाटलं. मला तिथे जायचं होतं, पण मी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळले होते. नवरा म्हणाला, बरी हो, मग नेतो. मी बरी झाले आणि त्याने परतीची तिकिटं आणली.

गंगापूर रोडच्या घरात मोठ्यांचं आधीच ठरलेलं होतं. जन्माला येऊन रडलंच नाही त्याचं सुतक नाही, बारसं नाही, नाव नाही. तिचा विषय काढायचा नाही, पुढच्या बाळंतपणाला बरं नसतं. सासूबाई हे मायेनेच म्हणत होत्या, हे आज कळतं. तेव्हा मला भांडी आपटावीशी वाटायची, आणि मी ती आपटलीही. पुढे दोन मुलं झाली. त्यांच्या तापात, शाळेत, डब्यांत वर्षं गेली. विषय कुणीच काढला नाही.

काढला तो फक्त आईने. सायखेड्याला पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला मळ्यात नेलं आणि तिथे, कुणी ऐकत नाही असं बघून, विचारलं, ‘‘कुठं ठिवली पोरीला?’’

‘‘तिकडे जंगल आहे एक. ओक म्हणून झाड असतं, त्याच्याखाली.’’

‘‘झाडाखाली हाय ना? मग बरं हाय.’’

माझ्या आधीचा एक भाऊ तान्हेपणीच गेला होता. आमच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली, त्याला ठेवलेलं. आई तेव्हा गेली नव्हती. बायका जात नाहीत. पण बाभूळ कोणती ते तिला माहीत होतं, आणि निंदायला बसली की ती त्या बाजूला पाठ करत नसे. मला तेवढंच हवं होतं. कुठे पाठ करायची नाही, ते कळायला हवं होतं. आई म्हणाली, ‘‘तुझ्या हातची मूठमाती राह्यली बघ. कवा गेलीस तर तेवढी दे.’’

नऊ वर्षांनी ती वेळ आली. कारखान्याला नवी यंत्रं घ्यायची होती आणि नवऱ्याला दोन महिने पुन्हा त्याच गावी जायचं होतं. मुलांना सासूबाईंकडे ठेवून मी हट्टाने बरोबर निघाले. नवरा नको नको म्हणत होता. थंडी असेल, मुलं रडतील, तू एकटी काय करशील. मी म्हटलं, मला माझ्या मुलीला माती द्यायची आहे. यावर तो उठून अंगणात गेला. मला वाटलं, त्यालाही आतून भरून आलं असेल.

पहिल्याच रविवारी आम्ही गेलो. ऑक्टोबर होता. तीच दोन शेतं, तीच पायवाट. आत शिरलो आणि मला सगळं ओळखीचं वाटलं, कुजलेल्या पानांचा ओला वास, अंगावर येणारं पिवळं ऊन, आणि ती शांतता. या वेळी मला तिचा राग आला नाही. माझी पोर नऊ वर्षं इथे शांत झोपली आहे, असंच मला वाटत होतं. मी चप्पल काढायला लागले. बूट होते, पण मी मनात चप्पलच म्हणत होते.

‘‘कोणतं झाड?’’

तो चालत राहिला. मी मागे. एक मोठा ओक गेला, दुसरा गेला.

‘‘अहो, कोणत्या झाडाखाली?’’

तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘इथे नाहीये ती.’’

मग त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो. आपल्याकडे घरात असं काही झालं की मोठी माणसं हेच म्हणतात. सगळं बघतात, आणि निघायच्या वेळी बापाला हाक मारतात, चल. हा सकाळपासून अंगात कोट घालून इस्पितळाच्या बाकावर बसून राहिला, हाक येईल म्हणून. चहा प्यायला उठला नाही, की तेवढ्यात बोलावलं तर. संध्याकाळी एका नर्सने विचारलं, तुम्ही कशासाठी थांबलाय? तोवर तिला नेलंही होतं. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. पुढे विचारायची याची हिंमत झाली नाही. तसाच माझ्याकडे आला, आणि मी विचारलं तेव्हा त्याला त्या गावातली एकच जागा सुचली, मला आवडणारी.

मी ओरडले. आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. नऊ वर्षं मला कुठल्या झाडाकडे बघायला लावलंस, असं काहीतरी, आणि ‘अहो’ तर केव्हाच सुटलं होतं. तेवढ्यात वळणावरून एक म्हातारा कुत्रं घेऊन आला. टोपीला हात लावून म्हणाला, छान दिवस आहे. आम्ही दोघांनीही म्हटलं, हो, फार छान आहे. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं हसऱ्या तोंडाने उभे होतो.

मग मी खाली पानांतच बसले. तोही बसला. हाताने पानं सारत म्हणाला, ‘‘मी घेतली होती तिला. हातात. रात्री एका नर्सने दिली होती, मिनिटभर.’’

हे तो नऊ वर्षं बोलला नव्हता. कुणी बोलायचंच नाही असं ठरलेलं होतं ना!

‘‘कशी होती?’’

‘‘केस होते. काळे, ओले, कपाळाला चिकटलेले.’’

‘‘आणि?’’

‘‘डोळे मिटलेले.’’

‘‘नाक? कुणासारखी दिसत होती?’’

तो आठवत राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. ‘‘आधी रोज दिसायची गं,’’ तो म्हणाला. ‘‘मग एकदा दिसेना. आता नाही आठवत.’’

खोटं बोलल्याचा राग पुढे निवला. याचा निवला नाही, आणि तो कुणावर धरावा हेही मला कळलेलं नाही. माझ्या मुलीला बघितलेलं सगळ्या घरात एकच माणूस होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गप्प ठेवलं, आणि त्या गप्प बसण्यात तिचा चेहरा पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकशीला गेलो. ते जुनं इस्पितळ बंद झालं होतं, आणि गावच्या दफनभूमीतल्या माणसाला काही सांगता आलं नाही. तो बिचारा पुन्हापुन्हा माफी मागत होता. माती मी कुठेच दिली नाही.

परतल्यावर सायखेड्याला गेलो. आई अंगणात कांदे निवडत बसली होती. नवरा बाजेवर टेकला. मी जवळ बसताच तिने हळूच विचारलं, ‘‘दिली का माती?’’

‘‘दिली.’’ किती सहज निघालं तोंडातून.

‘‘केवढं हाय झाड?’’

मी सांगत सुटले. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा, खाली मऊ पानं, कुणाचा पाय पडत नाही. आई मान हलवत होती. आणि एकदम नवरा बाजेवरून म्हणाला, ‘‘आई, केस होते तिला. काळे. कपाळावर आलेले.’’

आईचे हात थांबले. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘ही झाली तवा अशीच व्हती,’’ ती म्हणाली. ‘‘अशीच, कपाळावर केसं.’’ आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. दबकत नाही, घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशी, गळा काढून.

आवाज ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या. ‘‘काय झालं? कोण गेलं वं?’’

‘‘नात गेली माझी,’’ आई म्हणाली.

कधी, कुठे, असं कुणीच विचारलं नाही. त्या आमच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांच्यातल्या एकीने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.