घोडा कुठला ते सोडा, किती लावायचे बोला!

चार जुने सोबती जमले आणि कुणी ‘गिंडी’ म्हटलं, की मद्रासच्या रेसकोर्सचे किस्से सुरू होतात. एक सांगावा, तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. गंमत म्हणजे घोड्यांची नावं आता कुणालाच आठवत नाहीत. आठवतात ते माधवराव!

मी साताऱ्याहून बदली होऊन गेलो, तेव्हा नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. एग्मोरच्या आमच्या विमा कचेरीत माधवराव हेडक्लार्क. घराणं तंजावरचं, मराठी शिवकालीन, त्यात निम्मं तमिळ. तिसरा आमचा टायपिस्ट वरदन. घोडा वरदन निवडायचा. किती लावायचे, ते माधवराव ठरवायचे.

पहिल्या शनिवारी गिंडीच्या गाडीत मी विचारलं, “माधवराव, आज कुठला घोडा?”

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “जोशी, घोडा कुठला येणार हे कुणालाच कळत नाही. घोड्यालाही नाही! किती लावायचे, ते मात्र अस्कं आपल्या हातात.”

अस्कं म्हणजे सगळं, हे मला वरदननं सांगितलं. बाकीचं कळायला वर्षं गेली.

*

वरदनची स्वतःची एक स्कीम होती. हरलं की दुप्पट लावायचं. कधीतरी जिंकणारच, की सगळं वसूल! कागदावर बिनतोड.

त्यानं एकदा ती करून पाहिली. हरला, दुप्पट. हरला, पुन्हा दुप्पट. चहा व्हायच्या आत पगार गेला, मग माझ्याकडचे गेले, मग परतीच्या तिकिटाचे! आम्ही गिंडीहून मैलापूरपर्यंत चालत आलो.

अडयारच्या पुलावर तो थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, “थिअरी बरोबर आहे, सार. खिसा चुकीचा आहे!”

*

माधवरावांची रीत उलटी. हरलं की पुढच्या रेसला फक्त एक रुपया वाढवायचा. जिंकलं की एक कमी करायचा. बस्स.

एकदा त्यांचा घोडा दहाच्या भावानं आला. लोक त्यांना मिठ्या मारत होते, वरदन नाचत होता. “सार, आज नशीब उघडलंय! पुढच्यावर सगळे लावा!”

माधवरावांनी शांतपणे एक रुपया कमी करून पैसे पुढे केले. “जिंकल्यावर माणूस फुगतो रे. म्हणून हात आखडायचा.”

असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

*

त्यांच्या पत्नी पद्माबाई. एकदा जेवायला गेलो असता मी धीर करून विचारलं, “वहिनी, तुम्ही यांना अडवत नाही?”

“कसाला अडवू? हा मनुष्य सांबारात मीठसुद्धा एकदम घालत नाही. चाखून चाखून घालतो. असा बुडतो होय?”

माधवराव मान खाली घालून रसम ओरपत होते!

*

आणि मग तो सीझन आला. वरदनचे घोडे हरू लागले ते हरतच गेले. एकेक रुपया चढत चढत रक्कम इतकी वर गेली, की रेससाठी बाजूला काढलेल्या पुंजीतलं उरलंसुरलं एकाच रेसवर लावायची पाळी आली. पुंजी संपली की रेस कायमची बंद, असा शब्द माधवरावांनी घरी दिलेला. बुकींच्या सगळ्या रिंगला हे ठाऊक.

त्यांचा नेहमीचा म्हातारा बुकी हळूच म्हणाला, “सार, आज नको. घरी जा.”

बुकी पैसे नाकारतोय! वरदन रडकुंडीला आला. “माझं ऐकू नका सार, माझे घोडे पनवती आहेत!”

“नियम सांगतो तेवढे लावायचे,” माधवराव म्हणाले आणि त्यांनी पैसे ठेवले.

घोडा सुटला तो सुटलाच! वळणावर चार लांबी पुढे. वरदननं माझा दंड आवळला. आणि शेवटच्या टप्प्यात जॉकी खाली पडला.

घोडा थांबला नाही. मोकळा, रिकाम्या खोगिरानं, तसाच पळत राहिला आणि सगळ्यांच्या आधी खांब ओलांडून गेला. स्वार नाही म्हणजे निकालात नाही, पैसे नाहीत. मागे जॉकी कपडे झटकत उठला. अख्खं स्टँड गप्प.

त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. माधवराव!

“काय पळालं हो!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “कुणी हाकणारं नव्हतं, तरी पळालं!”

म्हाताऱ्या बुकीनं डोक्यावरची टोपी काढली.