वरणाचा शेरा

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. आमचे हे जनशिक्षक. सौसरच्या आसपासच्या शाळा-अंगणवाड्या तपासून संध्याकाळी घरी येतात, बुटांची धूळ दारात झाडतात अन् किस्से स्वयंपाकघरात. नवी नवरी म्हणून मी कमी बोलते. लोकांना वाटतं, हिला काही समजत नाही. बरंच आहे!

*

पूर्वी तपासणीची तारीख आधीच कळायची. मग काय, टेबलावर सोललेली संत्री, भिंतींना चुना, अन् वर्ग भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या गावची उसनी पोरं! एका पोराला ह्यांनी ओळखलं.

"काऊन रे, तू काल त्या शाळेत होता ना?"

"हो सर!" पोरगं खुशीत. "तिथं मी पाचवीत होतो. इथं तिसरीत बसवलं!"

*

आता न सांगता जायचं, असा नियम झाला. म्हणून मास्तर लोकांचे फोन मला येतात. "वहिनी, सर कोणीकडे निघाले?" मी म्हणते, "माहीत नाही."

एक हेडमास्तर मात्र बेरकी. "बरं, डबा नेला का?"

"नाही नेला."

"सुटलो! म्हणजे सर जामसांवलीच्या रस्त्यानं गेले!" अन् फोन बंद.

मी तशीच ओट्यापाशी उभी. माझा डबा नकोसा व्हावा असं त्या रस्त्यावर काय आहे, ते साऱ्या मास्तरांना माहीत. मलाच नाही!

*

ते वरण निघालं. त्या रस्त्यावरच्या एका शाळेत स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईचं.

नव्या नियमात तपासणाऱ्यानं पोरांच्या पंगतीत बसून दोन घास चाखायचे असतात; इथं हे पोटभर जेवतात. शिवाय 'उत्तम', 'ठीक' असा एका शब्दाचा शेरा चालत नाही. काय चांगलं, काय सुधारायचं, ते पूर्ण वाक्यात लिहायचं. ह्यांनी मोबाइलवर भरलेला शेरा मला हौसेनं वाचून दाखवला: "वरण एकजीव, फोडणी खमंग, मुले पुन्हा मागून घेतात."

मी ताट वाढलं. "वांगी कशी झाली?"

"ठीक."

घरी अजून जुनीच पद्धत सुरू आहे!

*

अंगणवाडीतही आता खुर्ची बंद. लेकरांत सतरंजीवर बसून पाहायचं. पोरं दुपारी निजली, तसे हेही निजले! जागे झाले तेव्हा सारी पोरं घरी गेलेली.

"कोणी उठवलं नाही?" मी विचारलं.

"अगं, थोपटून राहिली होती ना!"

"कोण?"

"शेजारची चिमुरडी. तिला वाटलं, नवीन भरती आहे!"

मी हसले. पण चहात साखर कमीच टाकली.

*

मागच्या शनिवारी आम्ही जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघालो. वाटेत ह्यांनी गाडी वळवली. "पाच मिनिटं. आज तपासणी राहिली आहे."

शाळेत पंगत बसलेली. मलाही बसवलं. सुमनबाई म्हणजे माझ्या आत्याच्या वयाची, जाडजूड बाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का ती वांगेवाली?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटाकडे.

"कान किटले बाप्पा!" पळी आपटत सुमनबाई म्हणाली. "सर दर वेळेस जेवते माझं अन् गुण गाते तुझ्या वांग्याचे. 'माझ्या घरच्या वांग्याची गोष्टच वेगळी.' मग मीही म्हटलं, पाहतेच! तवापासून जीव ओतून करून राहिली हे वरण!"

तिनं माझ्या वाटीत वरण ओतलं. खरंच एकजीव होतं. फोडणी खमंग. मी पुन्हा मागून घेतलं. वाटी बोटानं निपटून काढली.

सुमनबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी. पोरांचे घास थांबलेले. ह्यांचा मोबाइल शेरा भरायला उघडलेला.

"बोल पोरी, कसं झालं?"

मी पदरानं तोंड पुसलं, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं अन् म्हटलं,

"ठीक."